सूर्याची भरती

कार्डिफमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरी करत होते. आमचं पॅकेज आकडेवारीचं. ओळीने नोंदलेल्या आकड्यांमध्ये कुठली लय दडली आहे, ती किती वेळाने परत येते, हे शोधणारा भाग माझ्याकडे होता. जुना कोड मी नव्याने लिहिला होता.

रिलीजच्या आधी तो आम्ही एका निवृत्त बंदर-इंजिनिअरना वापरायला दिला. त्यांनी भरती-ओहोटीचे आकडे घातले आणि अगदी सौम्य ईमेल पाठवली: चंद्रामुळे येणारी भरती दिसते, पण सूर्यामुळे येणारी कुठे गेली?

दोन्हींच्या आवर्तनांत जेमतेम पंचवीस मिनिटांचा फरक. कुठली लय किती ठळक हे सांगणारा आलेख आमचं पॅकेज पूर्वीपासून आपोआप गुळगुळीत करून दाखवायचं आणि त्यात दोन शिखरांचं एकच टेकाड व्हायचं. माझा सीनियर म्हणाला, सेटिंग बदलता येतं की, मॅन्युअलमध्ये एक ओळ टाकू. मीटिंगमध्ये मी एरवी गप्प असायचे. त्या दिवशी बोलले.

"दोन शिखरं आहेत हेच ज्याला माहीत नाही, तो सेटिंग कशाला बदलेल?"

मॅनेजरबाईंनी थोडा विचार केला आणि रिलीज पुढे ढकललं.

मग मी मूळ आलेख आधी दिसेल, गुळगुळीत करायचा की नाही हे वापरणारा ठरवेल, असं करून टाकलं. इंजिनिअर स्वतः ऑफिसात आले. स्क्रीनवर चंद्राचं उंच शिखर आणि त्याला खेटून सूर्याचं बुटकं. ते खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसले. हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मॅनेजरबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. माझे कान गरम झाले होते.

तेव्हा आई रत्नागिरीहून आमच्याकडे आली होती. घरी लॅपटॉपवर तिला तो आलेख दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे हे दोघं जुळले की उधाण, मोठी भरती, आणि फाटले की भांग, लहान भरती."

इतके महिने त्या कोडशी झटले, पण लहानपणापासून ऐकलेले हे दोन शब्द मला एकदाही आठवले नव्हते.

"हे तू शोधून काढलंस?" आईने विचारलं.

"नाही गं, ते सगळ्यांना माहीतच होतं. मी फक्त ते दिसेल असं केलं."

आईने लगेच मावशीला फोन लावला आणि आमच्या मुलीने इंग्रजांना समुद्रातला सूर्य दाखवला, असं सांगितलं. मी शेजारीच बसले होते. तिचं ते सांगणं काही मी दुरुस्त केलं नाही.