चांदीची ढाल

फ्लास्क तपकिरी झालेला दिसला आणि प्रयोगशाळेतली माझी जोडीदार शुभदा ओरडली, "झाली गं चांदी!" आम्ही पाजलेल्या चांदीच्या क्षारापासून जीव वाचवायला जिवाणूंनी त्याचे सूक्ष्म कण करून टाकले होते. ते कण आम्हाला हवे होते, म्हणून आम्ही जिवाणूच यंत्रात घालून फोडले. मग कण कितपत विषारी आहेत ते बघायला माशांच्या पारदर्शक पिल्लांच्या पाण्यात सोडले. सूक्ष्मदर्शकाखाली एकाचं हृदय धडधडताना दिसत होतं. पिल्लू वाकडं झालं, तडफडलं, थांबलं.

"गेलं?" शुभदाने विचारलं.

"गेलं."

"म्हणजे विष काम करतंय!"

जगातली किती शस्त्रं अशी कुणाची तरी ढाल वितळवून ओतली असतील? मी पुढच्या पिल्लाच्या पाण्यात थेंब सोडला.