दुसरं कानातलं मी काढून दिलं

तिने माझ्या कानातलं चिमटीत धरलं आणि ओढलं. हुक उघडायची वाट पाहिली नाही. कानाची पाळी चिरली. मानेवरून काहीतरी गरम उतरलं, हात लावला तेव्हा कळलं, रक्त आहे.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्याच्या दारात हे झालं. संध्याकाळी सुट्टीच्या वेळी. माझ्या मागे वीसेक बायका रांगेत उभ्या होत्या. झडती रोजचीच होती. पिशवी उलटी करायची, डबा उघडायचा, अंबाडा सोडून दाखवायचा. कुणी एक मणीसुद्धा बाहेर नेऊ नये म्हणून. त्या दिवशी झडतीला सेठची सून उभी होती. आम्ही तिला छोटी मॅडम म्हणायचो. डिझाइनचा कोर्स करून आलेली. नवे नमुने तीच काढते, असं आम्हाला सांगितलेलं होतं.

"कहाँ से उठाया?"

"मॅडम, मेरा है. मैंने बनाया."

ती हसली. आधी माझ्याकडे बघून, मग मागच्या रांगेकडे बघून.

"तूने बनाया? तुम लोगों के हाथ से सोल्डर होता है. ये नहीं होता."

तुम लोग. कामाला लागले तेव्हा तिने माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर 'अच्छा' म्हणाली आणि पाण्याचा ग्लास माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. त्यामुळे तुम लोग म्हणजे कोण, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सेठ बाहेर आला. रक्त बघितलं आणि म्हणाला, "फर्श पे मत गिरा." मग म्हणाला, पोलिसांना बोलवू की लिहून देतेस? मॅडमने माझ्या दुसऱ्या कानाकडे बोट केलं. "वो भी निकाल."

आता जे सांगते ते सांगताना अजून माझे दात आवळले जातात. दुसरं कानातलं मी स्वतः काढून दिलं. हळूच. वाकू नये म्हणून जपून. तिच्या तळहातावर ठेवलं. मग सेठने पुढे केलेल्या कागदावर लिहिलं, 'मी कारखान्यातून कानातले चोरले. पुन्हा असे करणार नाही.' खाली सही. शाळेत माझं अक्षर चांगलं म्हणून बाई मला फळ्यावर सुविचार लिहायला लावायच्या. त्याच अक्षरात लिहिलं. एक काना चुकला नाही.

एकही बाई बोलली नाही. शोभाताई, माझ्या शेजारच्या टेबलावरची, सगळ्यांत जुनी बाई, तिने एवढंच केलं, आपला रुमाल माझ्या कानावर दाबला. म्हणाली, "गप ऱ्हा गो पोरी. घरी पोट हाय ना?" मला त्या सगळ्यांचा राग आला. अजून आहे. पण मागच्या वर्षी याच दारात एका मुलीला ब्लाऊज झटकून दाखवायला लावला होता, तेव्हा मी जमिनीकडे बघत उभी होते. तेही खरं आहे.

आता ते कानातलं काय होतं ते सांगते.

मी बदलापूरला बेलवलीत राहते. पावसाळ्यात आमच्याकडे कुंपणांवर चाईचा वेल चढतो. पान विड्याच्या पानासारखं, पण त्याच्या शिरा देठापासून निघतात आणि वाकत वाकत टोकाला येऊन मिळतात. लोक ते उपटून फेकतात. मी तांब्याचा पातळ पत्रा घ्यायचे, त्यावर पान ठेवून खिळ्याने कड उमटवायचे, कात्रीने कापायचे, कानशीने घासायचे, आणि शिरा एकेक करून ठोकायचे. हे तांब्याचं काम बाबांचं. ते अंबरनाथच्या कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करायचे. तांबं लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की मऊ होतं, ठोकत गेलं की कडक होतं, हे त्यांनी मला मी चौथीत असताना शिकवलं. बाबा गेले. त्यांची छोटी हातोडी राहिली.

त्या जोडीसाठी मी जे पान आणलं होतं त्याला अळीने खाल्लेलं भोक होतं. उजव्या कडेजवळ. अळीने हिरवं सगळं खाल्लं होतं, पण मधली एक शीर सोडली होती. भोकातून ती केसासारखी आडवी गेलेली. मी भोकही ठेवलं आणि शीरही ठेवली. ती शीर ठेवायला मला चार पत्रे फुकट घालवावे लागले. पाचव्याला जमली. तेव्हा मी घरात एकटीच मोठ्याने हसले होते.

कारखान्याचा नियम होता, अंगावर दागिना घालून यायचं असेल तर आत येतानाच दारातल्या वहीत लिहायचं. बायका मंगळसूत्रसुद्धा लिहायच्या. मी लिहिलं नाही. विसरले नाही मी. माझ्या डोक्यातच आलं नाही. दागिना म्हणजे कारखान्यात बनतो तो, ट्रेमधला, चमकणारा. हे काय, कुंपणावरचं पान, मी फावल्या वेळात ठोकलेलं. त्या वहीत लिहायच्या लायकीचं मीच त्याला समजले नव्हते. मॅडमने त्याला दागिना म्हटलं. चोरीचा म्हटलं, पण दागिना म्हटलं. माझ्या आधी.

सरकारी दवाखान्यात तीन टाके पडले. घरी आले. आईला सगळं सांगितलं. आई रडेल असं वाटलं होतं. तिने कागदाचं ऐकलं आणि उठून माझ्या थोबाडीत मारली. धड कानाच्या बाजूला, एवढी दया केली.

"लिहून दिलंस? स्वतःच्या हाताने?"

"पोलिसांना बोलवत होते, आई."

"बोलवू द्यायचं. मला लिहिता येत नव्हतं म्हणून लोकांनी माझे अंगठे घेतले. कशावर घेतले ते आजपर्यंत मला माहीत नाही. तुला शाळेत कशाला घातली मी? खोटं सुंदर अक्षरात लिहायला?"

मग ती स्वयंपाकाला लागली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मार दुखला नाही, ते बोलणं दुखलं. मॅडमने कान फाडला होता. पण कागदावरचा हात माझा होता.

तरी मी पुन्हा कामावर गेले. घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. मान खाली घालून सोल्डर मारत बसायचे. हातोडी मी पलंगाखाली ढकलली होती. पान दिसलं की नजर वळवायचे. कधी कधी वाटायचं, मॅडम म्हणते ते खरं असेल. कधीतरी कुठल्यातरी ट्रेमध्ये तसं काहीतरी बघितलं असेल मी, आणि डोक्यात राहिलं असेल. माणसाला इतकं खोटं पाडता येतं की ते स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लागतं. मी घेतला.

तीन आठवड्यांनी माझ्या टेबलावर नवा माल आला. ट्रे भरून. रबराच्या डायमध्ये पांढरा धातू ओतून काढलेले पीस, मागे हुक बसवायला माझ्याकडे आलेले.

चाईची पानं.

मी एक उचललं. उजव्या कडेजवळ भोक. भोकात आडवी शीर. दुसरं उचललं. भोक, शीर. तिसरं, चौथं, दहावं. प्रत्येकात तेच भोक, तीच शीर, आणि देठाजवळ माझा खिळा जिथे घसरला होता तो ओरखडासुद्धा. माझी चूकसुद्धा त्यांनी ओतून काढली होती.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी ट्रे उचलून मॅडमच्या टेबलावर उलटा केला. पानं खणखणत फरशीवर सांडली.

"ये किसका डिझाइन है?"

"मेरा है. बैठ अपनी जगह पे."

"ये छेद क्यों है इसमें?"

"डिझाइन है."

"छेद के बीच में ये लाइन क्यों है?"

सगळ्या मशीनी चालू होत्या, पण बायकांचे हात थांबले होते.

"बोलो ना मॅडम. तुम्हारा है ना? किस पेड का पत्ता है?"

तिला माहीत नव्हतं. तिने सेठकडे बघितलं. 'पीपल का' असं काहीतरी पुटपुटली. मी ओरडले. मराठीत ओरडले, कारण रागात मला हिंदी येत नाही. "चाईचं आहे! बेलवलीच्या कुंपणावरचं! अळीने खाल्लंय ते, आणि शीर मी ठेवलीय! चार पत्रे फुकट घालवून ठेवलीय!"

सेठने येऊन माझा दंड धरला आणि मागे पिरगाळला. खांद्यात कट्कन आवाज झाला. मी त्याच्या मनगटाला चावले. खोटं कशाला बोलू, जोरात चावले, तो सोडेपर्यंत सोडलं नाही. तोंडात त्याच्या घड्याळाच्या पट्ट्याची चव होती. तो किंचाळला. मी धावत ओतकामाच्या मशीनकडे गेले. माझ्या पानाचा डाय तिथे बाजूला काढून ठेवलेला होता, काळी जाड चकती, अजून गरम. मी कटर घेतला आणि त्यात खुपसला. रबर चिवट असतं. फाटत नाही, आधी ओरखडतं. मी पुन्हा खुपसला. पुन्हा. हाताला चटका बसत होता, बसू दिला. पानाच्या खोबणीवरून आडवा, उभा, तिरका, जोवर त्यातून माझं पान पुन्हा निघणार नाही तोवर. मॅडम "पागल है, पागल है" करत होती. सेठ पोलीस पोलीस ओरडत होता.

"बुलाओ," मी म्हणाले. कटर माझ्या हातातच होता. "बुलाओ ना. उनके सामने बताओ चोरी का माल था तो कॅटलॉग में किधर था. चोरी का था तो उसका डाय क्यों बनाया?"

सेठने फोन खिशात ठेवला.

मी लिहून दिलेला कागद परत मागितला. दिला नाही. माझी जोडी मागितली. मॅडम म्हणाली फेकून दिली. कदाचित खरंच फेकली असेल, डाय झाल्यावर तिला त्याचं काय काम. मी कटर टेबलावर ठेवला, डबा घेतला आणि निघाले. दारात शोभाताई उठून उभी राहिली होती. "या पोरीच्या कानान मी बघलेलं ते," ती मोठ्याने म्हणाली, "आदी तिच्या कानान, मंग तुमच्या टरेमदी." सेठने तिच्याकडे बघितलं. ती बसली नाही. त्या दिवशी मला कुणी झडतीला थांबवलं नाही.

कॅम्प दोनमध्ये, कॅम्प चारमध्ये, मला कुणी कामाला ठेवलं नाही. चोर आहे, शिवाय चावते, अशी माझी ख्याती. हसू येतं, पण महिनाभर घरात डाळ पातळ होती, तेव्हा हसू येत नव्हतं. आईने पलंगाखालून हातोडी काढून माझ्यासमोर ठेवली. मी ठोकायला बसले.

आता मी स्वतःचं काम करते. सावरीच्या काट्याची नथ करते. शिरीषाच्या शेंगेचा हार करते, आत खरं बी, हलवलं की वाजतो. रानात जसं असतं तसं. वाकडं असेल तर वाकडं, किडलं असेल तर किडलं. डाय काढत नाही. रविवारी अंबरनाथला एका मैदानात बचत गटांचे स्टॉल लागतात, तिथे चादर टाकून बसते.

मागच्या रविवारी एक बाई आल्या. सुती साडी, गोड आवाज. हार हातात घेऊन म्हणाल्या, "किती सुंदर! कुठून आणता हो?"

"मी बनवते."

"हो, पण म्हणजे, मूळ माल कुठून? होलसेल?"

"ताई, मी बनवते."

त्या हसल्या. चांगल्या मनाने हसल्या, मला कळत होतं. "नाही हो, फिनिशिंग बघा ना. हे तुम्ही..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. पण माझ्या चादरीकडे, माझ्या पायांतल्या चपलांकडे बघून झालं होतं.

कुणी ओढलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. तरी तीच जागा सोलली गेली. मी त्यांच्या हातातून हार काढून घेतला. पत्रा समोर ठेवला, खिळा लावला आणि हातोडी घातली. शेजारच्या पापडवाल्या दचकल्या. एक शीर. दुसरी शीर. तिसरी.

"अहो, रागावता कशाला? मी घेणारच होते."

"मी विकत नाहीये तुम्हाला," मी म्हणाले. "घ्यायचा असेल तर आधी सांगा, कुणी बनवला."

लोक थांबून बघत होते. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या पर्स आवळून दोन पावलं मागे गेल्या. मी हातोडी खाली ठेवली नाही आणि नजरही हलवली नाही.

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नीट ऐकू आलं नाही."

"तुम्ही बनवला."

मग मी हार दिला.

मला काही जण म्हणाले, गिऱ्हाइकाशी असं वागू नये, धंदा बसेल. बसू दे. उद्या उपाशी राहीन, पुन्हा कुणाच्या तरी मनगटाला चावेन, पण माझ्या हाताने केलेलं दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणार नाही. ना मारून, ना गोड बोलून. माझ्या कामाला ज्याला हात लावायचा असेल त्याने आधी माझ्या तोंडाकडे बघून सांगायचं, हे कुणाचं. सांगता येत नसेल तर हात काढायचा.