नऊ घरांची करटोली

आमच्या गल्लीत रानभाज्यांतलं सगळ्यांत जास्त कळणारा माणूस मी आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. मी नौशाद, धंद्याने शिंपी. दुकान जुन्नरच्या जुन्या पेठेत, आणि त्या दुकानाच्या पायरीवर पावसाळ्यातल्या दर रविवारी मढच्या जानकाबाई पाटी घेऊन बसतात.

बाई साठीच्या पुढच्या. सकाळच्या एसटीने येतात आणि पाटीतलं संपलं की माझ्या मशीनवर ठेवलेला चहा न विचारता पितात. आषाढात कुर्डू, श्रावणात करटोली, भादव्यात चाईचा मोहर. रानात जे नाही ते पाटीत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाने दिवाळीनंतर करटोली मागितली, तर म्हणाल्या, "आता ती झोपलीया. तुमी बी झोपा."

करटोलीची पहिली पाटी मात्र त्या विकत नाहीत. गल्लीत नऊ घरं आहेत, नऊही घरांत वाटतात. चाळीस वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून बाजारात आल्या, तेव्हा याच गल्लीने त्यांना पावसात पायरी दिली होती, ते अजून फेडतायत. "पयला घास गल्लीचा, मंग बाजाराचा," म्हणतात. त्या दुपारी नऊ घरांतून एकच वास येतो. आमच्याकडे खिम्यात, समोरच्या सुभाष सायकलवाल्याकडे श्रावण म्हणून नुसत्या कांद्यावर.

माझी आई रहिमाबी ऐंशीची आहे. आता तिला कशाचीच चव लागत नाही, ताट तसंच परत येतं. करटोलं तेवढं मागून खाते. आषाढ लागला की रोज विचारते, "जानकी आली का?"

यंदा आषाढात मीच मढला गेलो. गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकून भाव खायचा, एवढाच हेतू. बाईंच्या बांधावर करटोलीचे वेल कुंपणभर पसरले होते, पिवळी फुलं आली होती. नीट पाहिलं तर काही वेलांच्या फुलांमागे बारीक करटोलं होतं, तीन वेलांच्या फुलांमागे काहीच नाही. म्हणजे हे वांझ! नारायणगावच्या द्राक्षांची छाटणी मी दोनदा लांबून पाहिलेली आहे, त्यामुळे पुढचं काय ते मला लगेच कळलं. खिशात कात्री होतीच. बाई चहा करायला आत गेल्या तेवढ्यात मी तिन्ही वांझ वेल बुडापासून कापले. बाईंना सांगितलं नाही. पाटी भरली की सांगू, म्हटलं, तोंडभर कौतुक होईल.

श्रावणाचा पहिला रविवार आला. पाटीत कुर्डू. दुसराही तसाच गेला. फुलं येतात अन् गळून पडतात, बाई म्हणाल्या. मी गल्लीला हवामानबदल या विषयावर अर्धा तास समजावून सांगितलं. सुभाषने मान डोलावली. आईने ताट परत केलं.

तिसऱ्या रविवारी बाईंनी पाटी खाली ठेवली आणि पदरातून वाळलेल्या वेलाचं बूड काढून माझ्या मशीनवर ठेवलं.

"गुरानं खाल्लं तर असं सरळ न्हाई तुटत, भाऊ. ही कात्री हाय."

मी सुईत दोरा ओवू लागलो. सुईत आधीच दोरा होता.

"वांझ होते ते, मावशी," मी म्हणालो.

"त्यो नर व्हता! करटोलीत नर येगळा, मादी येगळी. समद्या बांधाचे नवरे तुमी एका चहात मारलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कांद हाय जमिनीत, फुडल्या साली फुटंल. पर रहिमाबी फुडल्या सालापत्तुर थांबायची का?"

मग आठवडाभर दुकान चारलाच बंद. मोटारसायकलवरून मढ, ओढ्याकाठच्या जाळीतून नराची फुलं शोधायची आणि तिन्हीसांजेला करटोली उमलली की बांधावर प्रत्येक मादीच्या फुलाला एकेक टेकवायचं. पन्नाशीचा शिंपी काट्यांत वाकून लग्नं लावतोय, हे पाहायला वाडीतली माणसं बांधावर येऊन बसायची. बाई मागून सांगायच्या, "हळू, राव. बटन लावताय का?"

अकरा धरली. दोन बाईंनी बियाण्यासाठी वेलावर राखली. उरलेली नऊ पोसल्यावर, दोन आठवड्यांनी रविवारी पाटीत आली, घराला एक. बाईंनी गल्लीला सांगितलं, "यंदा नौशादभाऊंनी लई राबून धरवलीत." कापलेल्या वेलांचा शब्दही काढला नाही. सुभाषने एका करटोल्याच्या सोळा चकत्या केल्या आणि माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली.

आमचं एक आईच्या ताटात वाढलं. तिने सावकाश खाल्लं, बोट चाटलं, ताट पुसून घेतलं. मला भरून आलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "चाळीस वर्षं जानकी पाटी भरून आणते, तेव्हा तुझा हात नसतो. यंदा तुझा हात लागला आणि एक आलं. काय केलंस तिथं, नौशाद?"