डिंकवालीचं पोतं

बुधवारी बाजार, माघातला बुधवार, १९७१. हजर : मी, सासूबाई आणि त्यांचे दोन दुखरे गुडघे.

पुढच्या महिन्यात नातीचं लग्न होतं. पंगतीत विहिणीशेजारी पाटावरच बसायचं, खुर्ची मागायची नाही, असा सासूबाईंचा निश्चय होता. त्यासाठी गुडघेदुखीवरचा सालईचा डिंक हवा होता. आदल्या बुधवारी डिंकवालीने मला हात हलवत परत पाठवलं होतं. "दुखत्या गुडघ्याले पाहिल्याबिगर मी डिंक देत नाही वं."

आज तिने पोतं झटकून पसरलं, सासूबाईंना त्यावर बसवलं आणि दातांत काडी धरून त्यांचं बसणं निरखलं.

"बसता येते आजीले. आता उठून दाखवा."

"उठते की. घाई कसली?" म्हणत सासूबाई शेजारच्या गिऱ्हाइकाला डिंकाचे गुण सांगू लागल्या. बायका जमल्या. पुड्या जाऊ लागल्या.

सासूबाईंना उठवायला मी हात पुढे केला, तर डिंकवालीने डोळा मिचकावला. "बसू दे वं त्यायले. माल गजब खपून राहिला." मग सासूबाईंकडे वळून म्हणाली, "आजी, पंगतीत बसान तुम्ही. पण उठवाले बँडवाले लागतीन!"

सासूबाईंनी ऐकलंच नाही.

दिवेलागणीपर्यंत माझी सगळी कामं उरकली. भाजी झाली, डिंक झाला, रिक्षाही ठरली. सासूबाईंना उठवायचं तेवढं राहिलं होतं.