कार्डावर नसलेला फोटो

भूत, करणी, भास असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं तर मी त्याला पाणीसुद्धा विचारत नाही. शाळा चौथीपर्यंत, पण अक्कल स्वतःची. तरी हे लिहितोय, कारण या एका गोष्टीपुढं ती अक्कल चालेना झालीय.

निपाणीहून चिकोडीला जाताना रस्त्यालगत आमची वस्ती. तिथं नेट धड येत नाही. माझी लेक सारिका बेळगावात कॉलेजवर कॉम्प्युटर शिकवते, राहायला हिंडलग्यात. दिवाळीला तिनं काडेपेटीएवढं एक सर्किट आणून टीव्हीमागं लावलं. त्याला स्वतःचं वायफाय. फोन जोडला, पत्ता टाकला, की घरातल्या सगळ्यांच्या फोटोंचं पान उघडतं... इंटरनेट लागत नाही.

मी विचारलं, "आपोआप नवं काय येतंय का ह्यात?"

"न्हाय आप्पा. आतल्या मेमरी कार्डावर जी फाईल ठेवलीय ती तशीच देतंय. नसली तर न्हाय म्हणतंय. त्याला सोताचं डोकं न्हाय."

सगळ्यात वरची चौकट आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ती रिकामी — फाटक्या चित्राची खूण तेवढी. आबा गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायचे, म्हणून त्यांनी जन्मात एकही काढला नाही. लोक म्हणतात मी अगदी त्यांच्यावर गेलोय. असेन. मी कुठं बघितलंय त्यांना? सारिकानं मात्र हट्टानं जागा ठेवली, कुणा पाहुण्याकडं सापडला तर टाकू म्हणाली.

संक्रांतीला माझी थोरली बहीण आक्का बोरगावहून आली. भर दुपारी सोप्यात बसून फोनवर ते फोटोंचं पान बघत होती. एकदम पदर तोंडाला लावला.

"बाळू... आबांचा फोटू कुठनं आणलास रं?"

मी फोन ओढून घेतला. तीच फाटकी खूण.

"आक्का, मोतीबिंदू काढून घे आधी."

"तुझ्या टकुऱ्यातला काढ! ही काय, डावी भुवई मधनं तुटल्याली. बैलाचं शिंग लागलं हुतं त्यास्नी."

वय झालंय तिचं, म्हणून सोडून दिलं.

थोड्या दिवसांनी चिकोडीचा पेंडवाला आला. आमच्या घरी पहिल्यांदाच. नातवंडं दाखवावीत म्हणून फोन हातात दिला, तर गडी वरच्या चौकटीवरच अडकला.

"यार्री, कोण हे, अण्णा? तुमचाच तरुणपणचा काय? नाक सेम. पण भुवईला काय झालतं?"

आणि त्यानं स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. माझ्या दोन्ही भुवया शाबूत आहेत! चष्मा पुसून बघितलं... फाटकी खूण.

सारिकाला बोलावून घेतलं. तिनं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. आबांच्या नावाची फाईलच नाही.

"काचेत तुमचंच तोंड दिसलं असंल त्यास्नी."

"आणि भुवई?"

तिनं कार्ड परत सर्किटात बसवलं. म्हणाली, "डोक्याला ताप नको आप्पा, ही चौकटच काढून टाकते."

"हात लावू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारी बाहेर आले.

आता मीटरवाला येवो नाहीतर सोयरा, आधी फोन देतो. सगळे म्हणतात, काहीच नाही की. मी अजूनही असलं मानत नाही. पण पेंड विकायला आलेल्या परक्या माणसाला आबा दिसतात... आणि मला का नाही?