सूनबाईचं उष्ण दूध

"सुनेचं दूध उष्ण पडून राह्यलं, डॉक्टर. ते बंद करा अन् डब्याचं लिहून द्या."

निदान सांगून आजीबाई खुर्चीत बसल्या. बदनापूरहून आल्या होत्या. सोबत मुलगा, सून आणि माहेरच्या बाळंतपणानंतर नुकतीच घरी आलेली नात. नातीचे गाल लालभडक, खरखरीत, त्यात बारीक चिरा. दूध प्यायला छातीशी घेतली की गाल घासायचा आणि पोर किंचाळून तोंड बाजूला करायची. हाच आजींचा पुरावा. सून मान खाली घालून रडत होती. तिला पाजणं बंद करायचं नव्हतं. पण तिला विचारतंय कोण? मी बालरोगतज्ज्ञ, मला तरी कुठे विचारलं होतं? माझी फक्त सही हवी होती.

आता आलेच आहात तर बघते, म्हणून बाळाला हातात घेतलं. कानामागे पिवळे, वाळलेले कण सापडले. हे काय, असं विचारलं.

"डाळीचं पीठ अन् साय," आजी अभिमानाने म्हणाल्या. "रोज चोळते. माहेरात कुणी केलंच न्हाई. पोरीची जात हाये, रंग उजळाया नको?"

रंग उजळला होता, यात वाद नाही. पिकल्या टमाट्यासारखा.

बाळाच्या कातडीवर एक नाजूक, तेलकट थर असतो. तो ओलावा धरून ठेवतो. आम्ही त्याला बॅरियर म्हणतो. पीठ चोळलं की तो खरवडून निघतो, आणि आपल्याकडची कोरडी थंडी उरलेलं काम करते. हे सगळं मी छान समजावलं. शेजारच्या घरातला टीव्ही ऐकावा तसं आजींनी ते ऐकलं.

"माझी लेकरं अशीच वाढली. हा बघा की."

मी बघितलं. चिरंजीव सकाळीच गुळगुळीत दाढी करून आले होते. मला काही मोह आवरला नाही. समोरच्या भजेवाल्याकडून मूठभर पीठ मागवलं, कालवलं आणि वाटी आजींपुढे धरली.

"तुमच्याच हातानं लेकाच्या गालाला लावा. नातीला लावता बराबर तसंच."

लावलं. पंख्याखाली वाळलं. आजींनी चोळायला घेतलं.

"माय, हळू की. आग होऊन राह्यली."

आजींचा हात जागीच थांबला. "लई लागलं का रे, राजा?" त्यांनी त्याच्या हनुवटीवर फुंकर घातली, आणि मग नातीकडे बघितलं. पिठाची वाटी बाजूला सारली.

"मंग काय लावायचं?"

सुनेने मान वर केली.

मी सांगितलं: पीठ बिलकुल बंद. कोमट पाणी, मऊ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. गाल ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. आणि दूध आईचंच.

पुन्हा दाखवायला आली तेव्हा पोर गोबरी, गाल मऊ, आईच्या पदराखाली गडप. वेटिंगमध्ये आजी एका पोक्त बाईला सुनावत होत्या, "लेकराला पीठ लावू नगा. मी तर पहिल्यापासून सांगून राह्यले."

औषध दुखतं तिथे लावावं, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. मी आता घरातल्या लाडक्याला लावते. गुण लवकर येतो.