चूक ऐकू आली ती दुपार

किती हळुवार होता तो आवाज! पितळेच्या वाटीवर कोणी नखाने अलगद टिचकी मारावी, इतकाच. पण पौषातल्या त्या दुपारी, गच्चीवर मऊ ऊन अंथरलेलं असताना आणि तीळ-गुळाच्या गजकाचा खरपूस गंध बोटांना चिकटलेला असताना, तो माझ्या कानाशी आला आणि मी खुर्चीत सावरून बसले. मांडीवर लॅपटॉप होता. पडद्यावरच्या ओळींत मी मुद्दामच एक कंस उघडा ठेवला होता, आणि कर्सर त्या ओळीवर पोहोचताच यंत्राने मला सांगितलं होतं, की इथे काहीतरी चुकलं आहे. दाखवलं नव्हतं, सांगितलं होतं. मी पुन्हा त्या ओळीवर गेले. पुन्हा तीच टिचकी. मग तर लहान मुलाने घंटी वाजवत बसावं तशी मी किती वेळ वरखाली करत राहिले कोण जाणे!

आम्ही वेबसाइट बांधणारी माणसं दिवसभर ज्या एका खिडकीत राहतो तिला एडिटर म्हणतात. लिहायचं तिथेच, तपासायचं तिथेच, चालवून बघायचंही तिथेच. या एडिटरची नवी आवृत्ती आली की सणासाठी घर नव्याने मांडल्यासारखं होतं. ओळखीच्याच खोल्या, पण प्रत्येक दारामागे काहीतरी नवं. या वेळी तर काय काय नव्हतं! आपण अर्धी ओळ लिहावी आणि त्याने उरलेली ओळ फिकट अक्षरांत पुढे ठेवावी; डावीकडे रंगाचं नाव बदलावं आणि उजवीकडे सगळं पान त्याच क्षणी त्या रंगात न्हाऊन निघावं; दोन ठिकाणी बसलेल्या दोघांनी एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहावं आणि एकमेकांचे कर्सर पाण्यातल्या मासोळ्यांसारखे सळसळताना पाहावेत. हे सगळं मी सकाळपासून हरखून पाहत होते. पण ती टिचकी ऐकली आणि मला आठवला तो दादा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मला हे काम शिकवलं त्याने. पाटणकर बाजारात एका कापड दुकानाच्या माडीवर त्याची खोली होती; खाली ऑटो आणि टेम्पोंचा अखंड कल्लोळ, आणि वर हा तल्लीन होऊन लष्कर नावाच्या आमच्या भागातल्या दुकानदारांची पहिली पहिली वेबपानं रचत बसलेला. मग त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. आधी दृष्टीच्या कडा अंधारल्या, पुढे मध्यही विरत गेला. बोलणारा फोन तो शिकला, मेल ऐकू लागला, बातम्या ऐकू लागला. पण काम मात्र सुटलं. कारण एडिटर चूक दाखवायचा ती ओळीखाली लाल नागमोडी रेघ ओढून, आणि वाचून दाखवणारा आवाज त्या रेघेबद्दल अवाक्षर काढायचा नाही. एक स्वल्पविराम निसटला, तर तो शोधण्यात त्याची अख्खी दुपार जायची. ज्याचे हात त्या ओळींवरून वाऱ्यासारखे फिरले होते, त्याने असं चाचपडत किती काळ बसावं? एके दिवशी त्याने लॅपटॉप मिटला, माझ्या हातात ठेवला, आणि त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात कोणी बोललं नाही.

एडिटरची ही नवी आवृत्ती आली त्या सुमारास मी लष्करातल्याच एका संगीत विद्यालयाची वेबसाइट करत होते. विद्यार्थ्यांनी घरी रियाज करताना गुरूंचं ध्वनिमुद्रण ऐकावं, म्हणून रागवार मांडलेलं एक पान. विद्यार्थ्यांपैकी काही जण अंध होते, आणि वसंत पंचमीला ते पान सगळ्यांसाठी खुलं व्हायचं होतं. पान देखणं झालं होतं. पण ते न बघता वापरता येतं का, हे मला कोण सांगणार?

टिचकी ऐकली त्याच संध्याकाळी मी दादाकडे गेले. त्याने फोनवर ते पान उघडलं, बोट फिरवत शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “सुंदर असेल गं. पण मला बटण, बटण, बटण एवढंच ऐकू येतंय.”

मी म्हटलं, मग तूच दुरुस्त कर. तो हसला. “रहने दे. माझे ते दिवस गेले आता.”

 मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला, इयरफोन त्याच्या कानात दिला आणि कर्सर त्या उघड्या कंसाच्या ओळीवर नेला. टिचकी वाजली असावी, कारण त्याची मान किंचित कलली. त्याने खालचं बटण दाबलं, मग वरचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. हा आवाज चुकीच्याच ओळीवर येतो का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं आणि कोणती दोन बटणं एकत्र दाबली की चूक शब्दांत ऐकू येते ते सांगितलं. त्याने ती दाबली. काय चुकलं आहे ते ऐकलं. कंस बंद केला. पुन्हा त्या ओळीवरून गेला, आणि या वेळी तिथे नुसती शांतता होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, ती तशीच उभी राहिली.

“थोडा चहा ठेव,” तो तिला म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “हां, आता ती बटणांची फाइल उघड.”

पुढचे दिवस कसे सांगू! मी सिटी सेंटरच्या ऑफिसात, तो लष्करात आपल्या घरी, आणि फाइल एकच. माझ्या पडद्यावर त्याचा हिरवा कर्सर पहिल्यांदा हलला तेव्हा मी हातातलं सगळं सोडून नुसती पाहत राहिले. माणसाची चाल दुरूनही ओळखू येते ना? तशीच त्याची लिहिण्याची चाल होती. दोन शब्द झपाट्याने, मग एक विराम, मग सबंध ओळ. एडिटरमधल्या नव्या तपासनिसाने नुसती चित्रं असलेली निनावी बटणं त्याला एकेक करून ऐकवली आणि प्रत्येकासाठी “वाजवा” हे नाव सुचवलं. दादाने ते साफ नाकारलं. सगळीच बटणं “वाजवा” म्हणू लागली तर कुणी कोणतं वाजवायचं, असं त्याने मला फोनवर ठणकावून विचारलं, आणि स्वतः लिहिलं: भूप, विलंबित, वाजवा. मग यमन, मग बिहाग. बटणांना नावं मिळत गेली आणि ते मुकं पान बोलू लागलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ती फिकट अक्षरांतली सूचना यंत्र दर वेळी वाचून दाखवू लागलं, दादाचं लिहिणं आणि यंत्राचं बोलणं एकमेकांवर आदळू लागलं आणि एका दुपारी तो चिडून उठून गेला. वहिनीचा फोन आला, “ताई, ये फिर नहीं बैठेंगे, तू ये बरं.” मी धावत खाली उतरले, पण ऑटो मिळेपर्यंत तिचाच दुसरा फोन आला की त्याने ती सूचना कशी बंद करायची ते शोधून काढलंय आणि आता कुणाशी बोलायला त्याला वेळ नाही.

वसंत पंचमीला विद्यालयाच्या दिवाणखान्यात सतरंज्यांवर पिवळ्या वस्त्रांची गर्दी उसळली होती. दादाही आला होता. सुरभी नावाची कॉलेजात जाणारी एक अंध मुलगी पुढे आली, तिने आपल्या फोनवर ते पान उघडलं आणि कुणालाही न विचारता भूपापर्यंत पोहोचली. स्वर खोलीभर पसरले. बाकीचे टाळ्या वाजवत होते, पण ती मान वाकवून पुन्हा पुन्हा तीच तान ऐकत होती. मग म्हणाली, तान फार भरकन जाते, थोडी सावकाश ऐकता आली असती तर पकडता आली असती.

पुढच्या वेळी नक्की करू, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात दादाने हात पुढे केला. “लॅपटॉप दे.”

तो तिथेच सतरंजीवर बसला. सुरभी त्याच्या शेजारी टेकली आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, “काका, ये बोलता है आपसे?”

“बोलतो कमी, टोकतो जास्त,” तो म्हणाला आणि एक इयरफोन काढून तिच्या हातात ठेवला. “ऐक.”

दोघं एकाच लॅपटॉपवर वाकली. आजूबाजूला प्रसाद वाटला जात होता, कोणी तानपुरे जुळवत होतं. गती कमी करण्याचं बटण तयार झालं, तेव्हा तीच तान पायरी पायरीने उतरू लागली आणि सुरभी तिच्यामागून दबक्या आवाजात गाऊ लागली. नव्या आवृत्त्या येतच राहतील. त्यांतल्या कितीतरी गोष्टी मी एक दिवस कौतुकाने पाहीन आणि विसरून जाईन. पण एखादी गोष्ट अशी असते, की ती कुणासाठी घडवली गेली हे घडवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तरी ती नेमकी त्या माणसापर्यंत पोहोचते. हे नवल नाही तर काय?

परतताना आम्ही ऑटोत बसलो. बाडा चौक ओलांडल्यावर दादा म्हणाला, “सोमवारी तुझ्या ऑफिसात मला एक टेबल लागेल. खिडकीपाशी नको. तिथे टेम्पोचा आवाज येत असेल.”

आमच्या ऑफिसात खिडकीच्या टेबलावरून नेहमी भांडणं होतात. भिंतीकडचा कोपरा कुणालाच नको असतो. मी दादाला घरी सोडलं, त्याच ऑटोने सिटी सेंटरला गेले, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर साचलेली खोकी उचलून ते स्वच्छ पुसून घेतलं.